काळा पाषाण आणि आपली देवळे
(जिज्ञासू भाविकांसाठी माहितीलेख)

शेवगावहून पैठणकडे जाणाऱ्या मार्गावर घोटण हे गाव लागते. तेथील श्री मल्लिकार्जुनाच्या दर्शनास वैशाखातील भर दुपारी जाणाऱ्या भाविकास एक अनुभव हमखास येतो. बाहेर उन्हाची काहिली होत असते. परंतु सभामंडप ओलांडून, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात पाऊल ठेवताच अंगास सुखद गारवा जाणवतो. हा गारवा कोणत्याही यंत्राचा नव्हे. जाड पाषाणभिंती दिवसभराची उष्णता अतिशय सावकाश आत घेतात, आणि ती आतल्या अंगास पोहोचण्यापूर्वीच सायंकाळ होऊन बाहेरची हवा निवू लागते. त्यातच गाभारा जमिनीच्या पातळीखाली असल्याने भोवतालच्या भूमीचाही थंडावा त्यास लाभतो. यादवकाळातील हे देवालय सातशेहून अधिक उन्हाळे आणि तितकेच पावसाळे पाहून आजही उभे आहे.

अशी लहानमोठी पाषाणमंदिरे आपल्या परिसरात अनेक गावांत आहेत. काहींचे शिखर ढासळलेले, काहींचा मंडप खचलेला, तर काही नित्य पूजाअर्चेत असूनही काळोखी व ओलसर. अशा मंदिराच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की ग्रामस्थांची बैठक भरते, वर्गणीची यादी होते आणि बहुधा एक रंगीत चित्रही पुढे येते. चित्रात सिमेंट-काँक्रीटचे उंच शिखर, चकचकीत फरशी व रंगविलेले खांब असतात. जुने काळे देऊळ त्या चित्रात नसते. ग्रामस्थांची श्रद्धा निर्विवाद असते, परंतु जे पाडले जाणार आहे त्याचे मोल ठाऊक नसताना निर्णय होतो. ते मोल काय आहे, याची माहिती येथे देण्याचा उद्देश आहे.

दगड मूळचा कोठला?

शेवगाव तालुक्यात ज्याने विहीर खोदताना पाहिली आहे, त्यास या भूमीची रचना निराळी सांगावी लागत नाही. वर काळी कसदार माती, तिच्यात मिसळलेले चुनखडीचे खडे, त्याखाली मुरूम, मग सच्छिद्र व ठिसूळ असा मांजऱ्या खडक, आणि त्याही खाली पहारीस दाद न देणारा काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला व थिजून त्याचा हा खडक बनला. शास्त्रज्ञ त्यास बेसॉल्ट म्हणतात. दख्खनच्या पठारावर आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या खडकाने व्यापलेले आहे. सह्याद्रीचे कडे, वेरूळची लेणी, किल्ल्यांचे तट आणि घरातील पाटा-वरवंटा हे सारे त्याच एका खडकाचे.

ज्या भूमीत देव त्याच भूमीचा दगड, ही पूर्वीची रीत होती. तीमागे भक्तिभाव होता तसा व्यवहारही होता. या पाषाणाच्या एका घनफुटाचे वजन सुमारे ८० किलो भरते. इतके ओझे बैलगाडीवरून लांबून आणणे कोणासच परवडण्यासारखे नव्हते; म्हणून जवळची खाण शोधली जाई. चुनादेखील काळ्या मातीतील चुनखडीचे खडे भट्टीत भाजून मिळे. देऊळ जणू त्या पंचक्रोशीच्या भूमीतूनच उगवे.

मात्र सर्वच काळा दगड सारखा नसतो. ज्यात पांढऱ्या खड्यांनी भरलेली छिद्रे आहेत तो दगड हवापाण्याने लवकर झिजतो. त्याच्या पृष्ठभागाच्या खपल्या निघतात. घट्ट व बारीक कणांचा दगड पाणी जवळजवळ शोषतच नाही. जाणते पाथरवट हातोडीचा हलका ठोका देऊन दगडाचा नाद ऐकतात. घंटेसारखा खणखणीत नाद आला तर दगड निर्दोष; बद्द आवाज आला तर आत चीर आहे असे समजून तो बाजूस काढला जातो. घट्ट बेसॉल्टची दाब सोसण्याची शक्ती दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोहून अधिक असते. घरबांधणीतील साधे काँक्रीट सुमारे दोनशे किलोपर्यंतचे असते, हे लक्षात घेतल्यास दोहोंतील अंतर कळते.

चुन्याविना उभे राहिलेले देऊळ

या मंदिरांना सर्वत्र 'हेमाडपंती' म्हणण्याचा प्रघात आहे. हेमाद्री पंडित हे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेवराव व रामदेवराव या यादव राजांचे मंत्री होते. परंतु या पद्धतीची अनेक मंदिरे त्यांच्या फार पूर्वीची आहेत. अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. नाव रूढ झाले आहे व ते बदलण्याचे कारण नाही. तथापि प्रत्येक काळे देऊळ हेमाडपंतांनीच बांधले, असे मार्गदर्शकाने सांगितल्यास ते जपून ऐकावे.

या बांधणीचे वैशिष्ट्य असे की घडीव चिरे एकमेकांवर सुके बसविलेले असतात. मधे चुना नाही, माती नाही. चिऱ्यांची तोंडे इतकी सपाट घडविलेली असतात की सांध्यात सुरीचे पातेही शिरू नये. जेथे चिरा सरकण्याचा संभव तेथे एका चिऱ्यास कूस व दुसऱ्यास खोबण ठेवून ते परस्परांत अडकविलेले असतात. बाकी काम दगडाचे वजनच करते.

दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण सोसत नाही. लांब दगडी तुळईवर भार आला तर ती मध्ये तडकते. जुन्या स्थपतींनी दगडाचा हा स्वभाव ओळखूनच रचना केली. म्हणून खांब दाट, तुळया आखूड व जाड. छत झाकताना चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरपे चिरे टाकायचे, त्यामुळे आत लहान चौकोन उरतो. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तिरपे चिरे, असे करीत शेवटी एका शिळेने मध्य मिटवायचा. मंडपात उभे राहून वर पाहिले असता ही एकात एक फिरत गेलेली चौकटींची मांडणी दिसते. अनेकांना ती केवळ नक्षी वाटते. वास्तविक तीच त्या छताची ताकद आहे. दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या भाविकांनी क्षणभर मान वर करून ती अवश्य पाहावी.

या बांधणीत गंजण्यासारखे काही नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. काँक्रीटचे बळ आतील लोखंडी गजांत असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड व ओलावा हळूहळू आत शिरून तो गज गंजू लागला की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होते, आणि काँक्रीट आतूनच फुटते. पन्नास-साठ वर्षांतच ज्यांच्या छताचे पापुद्रे पडून गज उघडे पडले आहेत, अशा इमारती आता गावोगावी दिसतात. २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झालेल्या अयोध्येतील श्रीराम मंदिराच्या पाषाणबांधणीत लोखंड कटाक्षाने टाळून राजस्थानातील बन्सी पहाडपूरचा वालुकाश्म वापरला गेला, तो याच कारणास्तव.

पाण्याशी दगडाचे नाते कसे, हे पाहायचे तर भीमाकाठच्या पळसदेवकडे पाहावे. नाथसागरामुळे शेवगावकरांना बुडीत गावे अपरिचित नाहीत. तशीच गत इंदापूर तालुक्यातील पळसदेव गावाची झाली. तेथील प्राचीन पळसनाथ मंदिर उजनी धरणाच्या जलाशयात गेले. त्यास चार दशकांहून अधिक काळ लोटला. पाणी फार ओसरले की ते मंदिर उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते दिसले व ते पाहण्यास लोकांची रीघ लागली. इतकी वर्षे बुडणे व वाळणे सोसूनही तेथील दगडी खांब उभे आहेत.

शेजारच्या नेवाशाचे उदाहरण तर वारकऱ्यांच्या हृदयाजवळचे. शके १२१२ मध्ये श्री ज्ञानेश्वर महाराजांनी ज्या खांबाला टेकून गीतेवरील भाष्य सांगितले असे परंपरा मानते, तो पैस खांब पाषाणाचा आहे. तो ज्या मंदिराचा भाग होता ते मूळ मंदिर काळाच्या ओघात नाहीसे झाले. खांब राहिला, आज त्याच्या भोवती नवे मंदिर उभे आहे.

किल्लारीचा धडा

दगडाची थोरवी सांगताना एक कटू प्रसंग वगळून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गाव झोपलेले असताना, पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांच्या (आजचा धाराशिव जिल्हा) सीमेवर भूकंप झाला. किल्लारी व आसपासच्या गावांतील हजारो माणसे घराच्या दगडी भिंतींखाली गेली. त्यानंतर मराठवाड्यात व आपल्याकडेही दगडाच्या घराची धास्ती बसली, आणि ती अकारण म्हणता येणार नाही.

परंतु तेथे भिंती कशा होत्या, हे समजून घेणे आवश्यक आहे. शेतातील गोटे जसेच्या तसे मातीत बसवून दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती रचलेल्या होत्या. भिंतीचे बाहेरचे व आतले तोंड वेगवेगळे उभे करून मधली पोकळी लहान दगड-मातीने भरलेली होती. दोन्ही तोंडांना एकत्र धरणारे काहीच नव्हते. वर लाकडी माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा थर. जमीन हादरताच भिंतीची दोन तोंडे फाकली व छताचा सारा भार खाली आला.

म्हणून आज कोणी दगडी भिंत बांधत असेल, मग ती देवळाची असो वा घराची, तर भिंतीच्या आरपार जाणारे लांब बंधदगड घातलेच पाहिजेत. साधारणपणे दर दोन फूट उंचीस व दर चार फूट लांबीस एक. कोपऱ्यावर लांब चिरे आलटून पालटून दोन्ही भिंतींत शिरलेले असावेत. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना कवेत घेणारा सलग पट्टा असावा. हा पट्टा काँक्रीटचा करण्यास हरकत नाही. सिमेंट जेथे खरोखर उपयोगाचे तेथे ते वापरावे. यात टाळाटाळ करणाऱ्या गवंड्यास काम देऊ नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

पायाचीही तीच गोष्ट. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर टेकलेला पाया दरवर्षी वर-खाली होतो आणि उत्तम दगडी भिंतही तडकते. पाया मुरमापर्यंत, शक्य तेथे खडकापर्यंत न्यावा. जुन्या देवळांचे भक्कम जोते याच काळजीतून आलेले आहे.

भूमीवरील भार

अलीकडे पर्यावरणाचा विचार सर्वत्र ऐकू येतो, आणि बांधकामाचा त्याच्याशी किती निकटचा संबंध आहे हे अनेकांस ठाऊक नसते. सिमेंट तयार करण्यासाठी चुनखडक व माती सुमारे १४५० अंश सेल्सियस तापमानात भाजावी लागते. इंधनाचा धूर तर होतोच. शिवाय चुनखडकातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक टन सिमेंटमागे साधारण ६०० ते ९०० किलो इतका हा वायू हवेत जातो, आणि साऱ्या जगाच्या अशा उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे सात-आठ टक्के आहे. विटाही ९०० ते १००० अंशांवर भाजाव्या लागतात व त्यांच्यासाठी बहुधा वरचीच सुपीक माती खरवडली जाते. दगडास भट्टी नाही. निसर्गाने तो कधीच भाजून ठेवला आहे. खर्च होतो तो खणण्याचा, घडविण्याचा व वाहतुकीचा.

यात वाहतूक हाच कळीचा मुद्दा. तालुक्यातील खाणीचा दगड आणि हजार किलोमीटरवरून ट्रकने आलेला राजस्थानी संगमरवर, दोन्ही 'नैसर्गिक दगड'च. पण दुसऱ्याबरोबर हजार किलोमीटरचे डिझेलही आलेले असते. त्यातच पांढरा संगमरवर आम्लाने खरवडतो. पंचामृत, लिंबू, ताक सांडणाऱ्या ठिकाणी तो काही वर्षांतच निस्तेज होतो. काळ्या पाषाणास यातले काही बाधत नाही. एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. उघड्या प्रांगणातील काळी फरसबंदी उन्हाळ्यात अनवाणी पायांना चटके देते. त्यासाठी प्रदक्षिणामार्गावर काथ्याच्या पट्ट्या व सावलीची झाडे हा उपाय आहे, फरसबंदी उखडणे नव्हे.

दगडाचा आणखी एक गुण म्हणजे त्यास दुसरा जन्म असतो. पडलेल्या वाड्याचे वा गढीचे चिरे नव्या भिंतीत निमूटपणे बसतात. काँक्रीट पाडले की ओढ्याकाठी फेकलेला राडारोडा उरतो. मात्र येथे एक सूचना करणे भाग आहे. देवळाभोवती विखुरलेल्या दगडांत वीरगळ, सतीशिळा किंवा अक्षरे कोरलेले शिलालेख असू शकतात. पायरीसाठी सोयीचा म्हणून असा दगड पालथा घालून बसविल्याने गावाचा इतिहास कायमचा जमिनीत जातो.

खाणीच्या बाजूनेही विचार हवा. दगड अमाप असला तरी डोंगर अमाप नाहीत. सुरुंगाने विहिरींचे झरे हलतात, खडी केंद्राची धूळ शेजारच्या पिकांवर बसते. दगड फोडणाऱ्या वडार समाजाच्या व घडविणाऱ्या पाथरवटांच्या छातीत ती धूळ आयुष्यभर साठत राहते. पाणी मारून कापणी केली व तोंडावर योग्य मुखपट्टी लावली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. देवाच्या कामासाठी दगड घडविणाऱ्यास एवढी सोय करून देणे हे मंदिर समितीचे कर्तव्यच समजावे.

जीर्णोद्धार म्हणजे काय?

घडीव दगडाचे नवे काम आरंभी महाग पडते, हे खरे आहे. कुशल पाथरवट कमी उरले आहेत व त्यांची मजुरी रास्तच अधिक आहे. म्हणून लहान गावाने सगळेच नव्याने दगडात करावे, असा आग्रह धरणे योग्य नाही. परंतु जे पाषाणमंदिर आधीच उभे आहे त्याचा दगड तर पूर्वजांनी देऊन ठेवला आहे. तो जपण्यास पाडून बांधण्यापेक्षा बहुधा कमी खर्च येतो. सभागृह, भक्तनिवास, स्वच्छतागृहे यांची गरज खरी असते. ती जुन्या देवळापासून अंतर राखून वेगळ्या इमारतीत भागवता येते.

पंढरपूरचा दाखला या बाबतीत डोळे उघडणारा आहे. श्री विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात वेळोवेळी बसविलेला ग्रॅनाइट व संगमरवर काढून मूळ पाषाणरूप प्रकट करण्याचे काम शासनाच्या सुमारे ७३ कोटी रुपयांच्या आराखड्यांतर्गत हाती घेण्यात आले. त्यासाठी १५ मार्च २०२४ पासून सुमारे अडीच महिने पदस्पर्शदर्शन बंद ठेवावे लागले. दर्शन पुन्हा सुरू झाले तेव्हा काळ्या दगडातील गाभारा व चौखांबी पाहून वारकऱ्यांना मूळ राऊळ भेटल्याचे समाधान लाभले. जे थोरल्या क्षेत्री इतक्या प्रयासाने काढावे लागले तेच आपल्या गावच्या देवळात हौसेने लावायचे काय, याचा विचार ग्रामस्थांनी करावा. टाइल्स लावलेला गाभारा स्नानगृहासारखा दिसतो, हे बोलण्यास अवघड असले तरी खरे आहे.

ऑइलपेंटचेही तसेच. रंगाच्या थराने सांध्यांतील ओल बाहेर पडेनाशी होते, तिच्यातील क्षार आतच साठून पृष्ठभाग सुटू लागतो आणि कोरीव मूर्तींचे नाक-डोळे रंगाखाली बुजतात. असा रंग काढताना वाळूचा मारा वा आम्ल कदापि वापरू नये. कोरीव काम त्याने झडते. जुन्या चुन्याच्या दर्जा उकरून त्यांत सिमेंट भरणे हीदेखील नित्य होणारी चूक आहे. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण व कमी सच्छिद्र असल्याने भिंतीतील ओलावा सांध्यातून न निघता दगडातून वाट काढतो. दर्जा भरायच्या त्या चुन्याच्याच. घाणीत मळलेला, काही दिवस मुरलेला चुना त्यासाठी उत्तम.

मंदिर संरक्षित स्मारक असल्यास १९५८ चा केंद्रीय व १९६० चा राज्याचा कायदा लागू होतो, आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीविना एक चिराही हलविता येत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून पुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीने करता येते. मंदिर संरक्षित नसले तरी काम आरंभण्यापूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत व प्रत्येक चिऱ्यास क्रमांक द्यावा. खचलेला भाग उतरवून पुन्हा जसाच्या तसा रचता येतो.

राहता राहिला पिंपळ. पाषाणमंदिराचा खरा वैरी पाऊस नव्हे की ऊन नव्हे; पक्ष्यांच्या विष्ठेतून शिखराच्या सांध्यात पडलेले पिंपळाचे वा वडाचे बी हा आहे. बोटभर रोप दोन-चार वर्षांत मुळे पसरते आणि मग सातशे वर्षे न हललेला चिरा हलतो. पवित्र वृक्ष म्हणून त्यास हात लावण्यास लोक कचरतात, आणि मोठा झाल्यावर तोडण्यास तर अधिकच. यावर जुन्या पुजाऱ्यांची रीत चांगली आहे. आषाढात सांधे ओले असताना शिखरावर जाणत्या माणसास चढवून कोवळी रोपे मुळासकट अलगद काढावीत, मोकळ्या झालेल्या फटी चुन्याने बुजवाव्यात आणि ती रोपे देवळापासून शंभर पावलांवर, ओढ्याच्या काठी किंवा गायरानात लावून त्यांना पार बांधावा.